वासाची वंशावळ

(सरांच्या स्मृतिदिनी झालेल्या व्याख्यानाचा, बोलण्याचा बाज शक्य तितका ठेवून केलेला, मुद्रित मजकूर.)



दोन पुड्या पहिल्या रांगेत देते आहे. एकीवर निळी खूण आहे, दुसरीवर लाल. आत हिरव्या गोळ्या आहेत, कोंबड्यांच्या खाद्यासारख्या दिसतील. एक गोळी तळहातावर घ्या, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने चिरडा, दोन्ही तळवे एकमेकांवर चोळा आणि ओंजळ नाकाशी न्या. मग पुडी शेजारच्याकडे द्या. कोणी चाखू मात्र नका. एवढं सांगूनही एकदोघं चाखणारच, त्यांच्यासाठी इथे पाण्याचा तांब्या आहे.

विषय कळवला तेव्हा मंडळाच्या चिटणिसांचा फोन आला होता. “ताई, विषय नवा आहे, पण पत्रिकेवर बिअर असं छापायचं का?” मी म्हटलं, हॉप्स छापा. त्यामुळे पत्रिका कोणाला खटकली नाही. मागे काही तरुण मंडळी बसली आहेत, ती नाचाबद्दल काही ऐकायला मिळेल म्हणून आली असावीत अशी मला शंका आहे.

सरांनी आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्यांच्या प्रात्यक्षिकाच्या तासाला वहीच्या आधी नाक उघडावं लागे. पान चुरडायचं, डोळे मिटून हुंगायचं, आठवेल ते मोठ्याने सांगायचं आणि मगच कूळ शोधायला पुस्तक. सर स्वतः चहासुद्धा घेत नसत. मला एका ब्रूअरीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, तेव्हा पेढे घेऊन गेले ती घाबरतच. त्यांनी पेढा घेतला आणि विचारलं, “हॉप्सची वेल एकलिंगी ना गं? मग नर वेलींचं काय करतात?” नोकरीबद्दल एवढा एकच प्रश्न. मला उत्तर माहीत नव्हतं. जर्मनीत उपटून टाकतात, कारण परागण झालं की शंकूंत बी धरतं आणि बी कोणाला नको असतं. इंग्लंडात मात्र शेताच्या कडेला मुद्दाम नर ठेवायची रीत होती. हे शोधून मी सरांना पत्राने कळवलं. आजचं व्याख्यान म्हणजे त्याच पत्राचा लांबलेला ताजा कलम समजा.

हॉप्स ही वेल. शास्त्रीय नाव ह्युम्युलस ल्युप्युलस, कूळ कॅनाबेसी, म्हणजे गांजा-भांगेची चुलत बहीण. बघा, आता पुडी जरा बेतानेच हुंगली जातेय! घाबरू नका, ती नशा हिच्यात नाही. मुळं वर्षानुवर्षं जमिनीत राहतात, वरची वेल दरवर्षी नव्याने फुटते. बव्हेरियातल्या हॅलर्टाऊ भागात ती 7 मीटर उंच तारांवर चढवतात आणि ऐन वाढीच्या दिवसांत ती एका दिवसात वीतभर सहज सरकते. चढते ती प्रदक्षिणेच्या दिशेने. उलटी गुंडाळली तर धरून राहत नाही, गळून पडते. मादी वेलीला कागदी पाकळ्यांचे हिरवे शंकू येतात. एक शंकू मधोमध उभा फाडला की पाकळ्यांच्या बुडाशी हळदीसारखी चिकट पिवळी भुकटी दिसते. ती ल्युप्युलिन. या साऱ्या उद्योगाचा जीव त्या चिमटीत आहे. बाकीचा शंकू तिला सांभाळण्यापुरता.

या भुकटीत आपल्या कामाच्या दोन गोष्टी आहेत, राळ आणि तेल. राळेतून कडूपणा येतो, तेलातून वास. जातींची तुलना म्हणजे याच दोघांची तुलना, आणि गंमत अशी की एकाची काळजी घ्यायला जावं तर दुसरं हातचं जातं.

कडूपणाबद्दल थोडं विषयांतर करते, सर असते तर त्यांनीही केलं असतं. आयुर्वेदात कटू म्हणजे तिखट, मिरीसारखं. कडू चवीला तिथे तिक्त म्हणतात. आपण मराठीत कटूचा कडू केला आणि त्याला तिक्ताच्या जागी नेऊन बसवलं. चवींची नावं अशी घरं बदलतात. वासांच्या बाबतीत तर याहून मोठी उलथापालथ झाली आहे. आज मला मुख्यतः तिच्याबद्दलच बोलायचं आहे.

पण आधी राळ. त्यातल्या कामाच्या आम्लांना अल्फा आम्लं म्हणतात. ती पाण्यात नीट विरघळत नाहीत. जवाला मोड आणून, वाळवून, भरडून त्याचा गोड काढा करतात, त्याला वर्ट म्हणतात. हा वर्ट उकळताना त्यात हॉप्स टाकले की उष्णतेने अल्फा आम्लांची रचना बदलते, ती विरघळतात आणि खरा कडूपणा उतरतो. कारल्याची म्हण आपल्याला पाठ आहे, काही केलं तरी कडू ते कडूच. हॉप्सचं उलट आहे, त्यांना कडू व्हायला तासभर उकळावं लागतं. आणि त्याच तासाभरात तेल वाफेबरोबर निघून जातं. म्हणून कडूपणासाठीचे हॉप्स सुरुवातीला टाकतात आणि वासासाठीचे अगदी शेवटी. काही तर गार झालेल्या, आंबत असलेल्या बिअरमध्ये टाकतात. आमटीत कोथिंबीर कधी घालायची हे ज्याला कळतं, त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आता पिशवीवरचा आकडा. हॉप्सच्या प्रत्येक पिशवीवर अल्फा टक्के छापलेले असतात. बोहेमियातल्या जाट्स या गावाची जात, जर्मन उच्चाराने साझ, साधारण 3.5 टक्के. जर्मनीतली मॅग्नम 14 टक्के. समजा मला 20 लिटर बिअर करायची आहे आणि कडूपणा 25 एककांचा हवा आहे. एक एकक म्हणजे लिटरमागे साधारण 1 मिलिग्रॅम रूपांतरित अल्फा, म्हणजे मला 500 मिलिग्रॅम हवेत. उकळताना चौथा हिस्सा हाती लागतो असं धरलं तर भांड्यात 2 ग्रॅम अल्फा पडायला हवं. त्यासाठी साझ घ्यावे लागतील 57 ग्रॅम, मॅग्नम 14 ग्रॅम. हा हिशेब मोठ्या कारखान्याच्या खरेदी विभागापुढे ठेवा. तिथे साझचं नाव पुन्हा निघणार नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर हॉप्सच्या पैदासीची बरीचशी शक्ती हा आकडा वाढवण्यात गेली. मोठे कारखाने आता पुष्कळदा शंकू सोडून त्यांचा अर्कच घेतात, टक्केवारीनुसार. तिथे जातीला नाव असून नसून सारखंच.

नाव उरतं ते वासामुळे. इथे माझी पहिली फजिती झाली. प्रयोगशाळेत वासांचा एक छापील तक्ता होता, साहेबी नाकाने केलेला. गूसबेरी, ग्रेपफ्रूट, डिल, पाइन. आमच्यातल्या निम्म्यांनी गूसबेरी डोळ्यांनीही पाहिलेली नव्हती. चाचणी घेताना लोक तक्त्यातला शब्द अंदाजाने उचलायचे, परीक्षेत पर्याय निवडावा तसे. मग एके दिवशी मी तक्ता उलटा करून ठेवला आणि सरांची पद्धत लावली, डोळे मिटा आणि आठवेल ते मोठ्याने सांगा. कॅस्केड ही अमेरिकन जात हुंगून रत्नागिरीकडची एक मुलगी म्हणाली, “पपनस. गणपतीत माटोळीला बांधतो ते, सोलताना.” अगदी बरोबर! ग्रेपफ्रूट हे पपनसाचंच लेकरू. सोराची एस ही जपानी जात, साप्पोरो कंपनीने 1984 साली आणलेली. तिच्याबद्दल चार जण एकाच वेळी ओरडले, शेपू! त्यातल्या दोघांनी तोंडही वाकडं केलं. शेपू आवडणारे आणि न आवडणारे यांच्यात महाराष्ट्र जसा विभागला गेला आहे, तसाच सोराचीवरून बिअरचा जगभरचा बाजार विभागला आहे. न्यूझीलंडच्या नेल्सन सॉव्हिनला लोक म्हणाले, पिकून पिवळा झालेला पेरू. इंग्लंडच्या फगलला चहाच्या डब्याचा, ओल्या लाकडाचा वास. आणि साझला काहीच नाव मिळेना. बराच वेळ शांतता. मग एक मेकॅनिक, ज्याला आम्ही संख्या भरायला बसवलं होतं, तो म्हणाला, “धणे भाजायच्या आधी हातावर चोळले की येतो तसा. पण लांबून.”

त्या ‘लांबून’ या शब्दासाठी त्याला बक्षीस द्यायला हवं होतं. आणि धण्यांचं तर त्याने रसायनशास्त्रच सांगितलं. धण्यांच्या तेलात मुख्य असतं ते लिनालूल, आणि हॉप्सच्या तेलातही ते असतं. कॅरिओफिलीन आपल्याला लवंगेतून आणि मिऱ्यातून माहीत आहे. जिरॅनिऑल रोशा गवतातून. मर्सीन आंब्यातही असतं. म्हणजे या परदेशी वेलीच्या तेलातले बहुतेक रेणू आपल्या मसाल्याच्या डब्यात आणि परसात आधीपासून हजर आहेत. फक्त प्रमाणं वेगळी. साझमध्ये फार्नेसीन भरपूर असतं आणि एकूण तेल थोडं, 100 ग्रॅमला अर्धा-पाऊण मिलिलिटर. सिट्रा या अमेरिकन जातीत तेच 2 ते 3 मिलिलिटर. म्हणून साझ लांबून बोलते आणि सिट्रा कानाशी येऊन ओरडते.

मग चांगली कोणती? हा प्रश्न मला दर लग्नात विचारला जातो. त्याचं उत्तर द्यायला मला 1916 सालच्या एका कलमाची गोष्ट सांगावी लागते.

इंग्लंडच्या केंट परगण्यात वाय कॉलेज होतं. तिथे अर्नेस्ट स्टॅन्ली सामन नावाचे प्राध्यापक 1906 पासून हॉप्सच्या पैदासीचं काम करत होते. मूळचे ते बुरशीचे अभ्यासक, भुरी रोगावर त्यांनी आयुष्याची सुरुवातीची वर्षं घालवली होती. त्यांच्यापुढचा पेच सोपा होता. युरोपातल्या जातींना वास सभ्य, पण राळ कमी. अमेरिकेकडच्या हॉप्समध्ये राळ भरपूर, पण वास इंग्लिश ब्रूअरांना सोसवेना. ब्लॅककरंटच्या झाडासारखा उग्र, गावंढळ, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा दोघांचा संकर करावा, राळ तिकडची घ्यावी आणि वास इकडचा ठेवावा. स्थळ पाहताना आपल्याकडे पगार मुलाचा आणि स्वभाव मुलीचा धरून संसाराचं गणित मांडतात, तसाच हा हिशेब.

कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात मॉर्डन नावाचं गाव आहे. तिथल्या रानटी हॉप्सचं एक कलम प्राध्यापक मॅकून यांनी सामनना पाठवलं. वायच्या मळ्यात त्याला बीबी1 असा क्रमांक मिळाला. ही वेल फार जगली नाही. 1918-19 च्या हिवाळ्यात ती मेली. मॅनिटोबाची थंडी सोसलेली वेल केंटच्या थंडीत मरावी, याचं मला दरवेळी आश्चर्य वाटतं. पण मरण्याआधी तिला बी धरलं होतं. तिथले नर कोण, हे कोणी नोंदवलेलं नव्हतं. वाऱ्याने जे आणलं ते. त्या बियांतून उगवलेल्या रोपांतून दोन जाती निवडल्या गेल्या, ब्रूअर्स गोल्ड आणि बुलियन. ब्रूअर्स गोल्ड 1934 साली शेतकऱ्यांकडे गेली.

राळेच्या बाबतीत सामन जिंकले होते. जुन्या इंग्लिश जातींच्या तुलनेत अल्फा जवळपास दुप्पट. पण वास आईचाच आला होता. त्या वासाला ‘अमेरिकन’ हे विशेषण लावलं गेलं, आणि त्या काळच्या इंग्लिश ब्रूअराच्या तोंडी ते कौतुकाचं विशेषण नव्हतं. ही जात वापरायची तर आधी टाका, भरपूर उकळा, वास उडवून लावा आणि कडूपणा तेवढा ठेवा, असा खाक्या. वास म्हणजे दोष, असं ठरून गेलं.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. ऑरेगन राज्यातल्या कॉरव्हॅलिस इथे सरकारी संशोधन केंद्रात 1956 साली एक संकर झाला. त्यात इंग्लंडची फगल होती आणि सेरेब्रिआन्का नावाची रशियन जातही. त्यातून निघालेली जात शेतकऱ्यांना मिळाली 1972 साली, म्हणजे 16 वर्षांनी. तीच कॅस्केड. ती कशासाठी हवी होती, तर जर्मनीतली हॅलर्टाऊ मिटेलफ्र्यू मर रोगाने धोक्यात आली होती आणि तिला अमेरिकेत पर्याय हवा होता. सभ्य, लांबून येणाऱ्या वासाचा पर्याय. आणि निघालं काय? पपनस! पुन्हा तेच. हवं होतं एक, पदरात पडलं दुसरं.

पण या वेळी ते दुसरं एका छोट्या ब्रूअरीला आवडलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकरने 1975 साली लिबर्टी एल काढली, त्यात कॅस्केडचा वास लपवलेला नव्हता, उलट पुढे आणून ठेवला होता. 1980 मध्ये सिएरा नेवाडा ही ब्रूअरी सुरू झाली आणि तिच्या पेल एलने पपनसाची सवय एका पिढीला लावली. पुण्यात 2009 साली डूलाली नावाची मायक्रोब्रूअरी सुरू झाली. तिच्यामागून आलेल्या मायक्रोब्रूअरींत आपल्याकडच्या अनेकांना हॉप्सला स्वतःचा वास असतो हे पहिल्यांदा कळलं. जाता जाता, डूलाली हा शब्द आपल्या देवळालीचा आहे. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहता पाहता गोऱ्या सोजिरांचं डोकं फिरायचं, त्यावरून इंग्रजीत तो शब्द वेड लागण्यासाठी रूढ झाला.

आणि तिसरी गोष्ट, लाल पुडीची. ती सिट्रा. वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यातली, 2007-08 च्या सुमारास बाजारात आलेली. दहा-बारा वर्षांत अमेरिकेत सर्वाधिक क्षेत्रावर लावली जाणारी जात झाली. अल्फा 11 ते 14 टक्के, म्हणजे खरेदी विभागही खूश. वास विचाराल तर आंबा, लिची, मोसंबी, सगळी फळांची टोपली. ही जात खासगी मालकीची आहे, परवान्याशिवाय लावता येत नाही. नाशिककडच्या द्राक्षबागायतदारांना हे वेगळं सांगायला नको, पेटंटच्या वाणांची रॉयल्टी त्यांना माहीत आहे.

सिट्राची वंशावळ छापलेली मिळते. निम्मी हॅलर्टाऊ मिटेलफ्र्यू, पाव टेटनँग, थोडी ईस्ट केंट गोल्डिंग. आणि सुमारे 19 टक्के ब्रूअर्स गोल्ड. म्हणजे मॉर्डनच्या त्या रानवेलीचा अंश त्यात आहे, जिच्या लेकीचा वास उडवून लावण्यासाठी केंटमधल्या ब्रूअरांनी भांडी तासतासभर उकळली. सेंटेनियल, नगेट, सोराची एस, या सगळ्यांच्या पूर्वजांत ब्रूअर्स गोल्ड आहे. त्यांची कुंडली मांडली की तीच आजी सापडते.

या वासाचं रसायन नंतर उलगडलं, आणि त्यातही आपल्याकडच्या शेतकऱ्याला ओळखीचं असं काही आहे. ब्लॅककरंट, पेरू, आंबा, पपनस यांची आठवण करून देणारे हे वास मोठ्या अंशी गंधकयुक्त संयुगांचे आहेत, त्यांना थायॉल म्हणतात. अतिशय अल्प असतात, लिटरला काही नॅनोग्रॅमसुद्धा नाकाला पुरतात. त्यातलं एक तर असं आहे की किंचित असेल तर फळ आठवतं, जरा वाढलं की मांजर. मग युरोपातल्या हॉप्समध्ये ते का सापडत नव्हतं? जात वेगळी हे एक कारण. दुसरं कारण जपानी संशोधकांनी दाखवलं. हॉप्सवर केवडा पडतो, आपल्या द्राक्षांवर पडतो त्याच घराण्यातला. 1920 च्या दशकात या केवड्याने जर्मनीची हॉप्सची शेती अशी झोडपली की 1926 मध्ये हॅलर्टाऊतल्या ह्यूल इथे संशोधन केंद्र काढावं लागलं. केवड्यावर फवारणी कसली? मोरचुदाची. मोरचूद म्हणजे तांबं, आणि तांबं या गंधकी संयुगांना धरून बसवतं. धातू आणि वास यांचं वाकडं आपल्याला कळकलेल्या ताकापासून ठाऊक आहे. तर ज्या वासाला आपण अनेक पिढ्या जातीचा स्वभाव म्हणत होतो, त्यातला काही भाग फवारणीच्या पंपातून आला होता. बोर्डो मिश्रणाने ज्यांची बोटं निळी झाली आहेत असे बागायतदार या सभागृहात असतील, त्यांनी हे घरी जाऊन जरूर सांगावं.

त्यामुळे नुसतं जातीचं नाव घेऊन तुलना करणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. स्लोव्हेनियातली स्टायरियन गोल्डिंग नावाने गोल्डिंग आहे, पण जनुकांनी ती फगल आहे. कोणीतरी नेलेल्या कलमाला चुकीचं नाव चिकटलं आणि ते तसंच राहिलं. तरी स्लोव्हेनियाच्या मातीतली ती केंटच्या फगलहून नाजूक वासाची आहे. कॅस्केड न्यूझीलंडमध्ये लावली तर इतकी वेगळी निघते की तिकडे ती तैहेके या नावाने विकतात. एकाच शेतातली एकच जात आठवडाभर उशिरा काढली तर काहींना कांदा-लसणाचा वास चढतो. म्हणून सप्टेंबरात याकिमात जगभरचे ब्रूअर येऊन बसतात. एकाच जातीचे निरनिराळ्या शेतांतले नमुने समोर मांडलेले, प्रत्येक नमुना तळहातावर चोळायचा, हुंगायचा, निवडायचा. हापूस म्हणून काहीही विकत घेणारा आणि देवगडची पेटी उघडून देठाशी नाक लावणारा, यांच्यात जो फरक, तोच इथे.

माझ्या वाट्याला आला तो शेताच्या नंतरचा घोटाळा. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी चांगल्या प्रतीच्या हॉप्सचे खोके आले. शीतगृहाची मोटार बंद पडली होती. दुरुस्तीची मंजुरी वरून यायची होती. एप्रिल आणि मे असे दोन महिने ते खोके पत्र्याच्या गोदामात राहिले. जूनमध्ये मी पिशवी फोडली, तर जुन्या चीजचा आणि न धुतलेल्या पायमोज्यांचा वास. राळेतली आम्लं तुटून हे होतं. पिशवीवर छापलेला अल्फाचा आकडा अजून तसाच होता, आत मात्र तो बराच उतरलेला. स्टोअरवाल्यांनी सांगितलं, “मॅडम, एक्सपायरी पुढच्या वर्षाची आहे.” तो माल वापरला गेला. त्या वर्षीच्या बिअरबद्दल मला कोणी काही विचारू नये.

हॉप्स इथेच का लावत नाही, हा प्रश्नही नेहमी येतो. उत्तर सूर्याकडे आहे. या वेलीला उन्हाळ्यात लांब दिवस लागतात. जाट्समध्ये जूनमधला मोठ्यात मोठा दिवस 16 तासांच्या वर जातो. पुण्यात सव्वातेराच्या आत संपतो. आखूड दिवसात वेल नीट वाढायच्या आधीच घाईने फुलोऱ्यावर येते आणि चार शंकू देऊन बसते. शिवाय तिला हिवाळ्याची कडक झोप हवी. आपल्याकडे हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात काही काळ हॉप्स चांगले पिकले, अमेरिकन क्लस्टरच्या कुळातल्या जाती. पण बटाटा आणि वाटाण्याला भाव आला, तसे लोक तिकडे वळले. शेतकऱ्याने दुसरं काय करावं?

आपला आणि हॉप्सचा जुना संबंध खरेदीदाराचा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या हॉजसनची पेल एल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबईला आणि कलकत्त्याला येत होती. पिंपात जादा हॉप्स घातलेले असत. आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्महिन्यांचा प्रवास. हॉप्समुळे काही जंतू दबतात, म्हणून ते घातले, हे बरोबर. पण इंडिया पेल एल हिंदुस्थानासाठी खास शोधून काढली, ही गोष्ट मात्र दारूच्या गुत्त्यावर सांगायची. गडद पोर्टरही त्याच जहाजांतून येत होती आणि बराकीतले सोजीर तीच पीत होते. पेल एल साहेब लोकांची. तीत केंटचे गोल्डिंगसारखे हॉप्स असत, पपनसाचा मागमूस नाही. आज आयपीए या नावाखाली जे मिळतं त्याचा वास त्या काळच्या मुंबईकर साहेबाने घेतला असता, तर त्याने पिंप समुद्रात ढकललं असतं.

मला स्वतःला विचाराल तर मी साझची. सिट्राचा आता कंटाळा आला आहे. कुठेही जा, सिट्राचीच पाटी, बारा महिने आंब्याचा मोसम चालू. साझ 1842 पासून, म्हणजे योसेफ ग्रोल याने पिल्झेनमध्ये पहिली सोनेरी लागर केली तेव्हापासून, तेच काम शांतपणे करते आहे. 2023 साली जाट्स आणि भोवतालच्या हॉप्सच्या शेतांना युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं. त्याच वर्षी नेचर कम्युनिकेशन्समध्ये एक अभ्यास आला. युरोपातले हॉप्स आता आधीच्या तुलनेत जवळपास 20 दिवस लवकर पिकतात, आणि 2050 पर्यंत पारंपरिक जातींतलं अल्फा 20 ते 31 टक्क्यांनी घटू शकतं, असा त्यात अंदाज आहे. आधीच 3.5 टक्के. त्यातून पाव गेलं, तर माझ्या त्या 20 लिटरला 57 ग्रॅमऐवजी 76 ग्रॅम टाकावे लागतील. खरेदी विभाग काय म्हणेल ते मी मघाशी सांगितलंच. चेक संशोधक नव्या, काटक जाती काढताहेत, काहींत अल्फाही बरं आहे. त्यातली एखादी साझची जागा घेईलही. पण तिचा वास जर ‘लांबून’ आला नाही, तर ती नवी जात चुकली असं म्हणायचं की आपलं नाक अजून जुन्या जागी आहे असं म्हणायचं? 1934 साली केंटमध्ये बसले असते तर मी कोणाच्या बाजूने बोलले असते, हे मला नक्की माहीत आहे, आणि ते सोयीचं नाही.

लाल पुडी परत आलेली दिसते. या आजींनी ती माझ्या हातात देताना कानात काहीतरी सांगितलं आहे. त्यांची परवानगी घेऊन सर्वांना सांगते. त्या म्हणाल्या, “बाई, हिला मांजर फिरून गेल्यासारखा वास येतोय.” आजी, यात तुमच्या नाकाचा काही दोष नाही. सरांनी तुम्हाला पैकीच्या पैकी गुण दिले असते. हात धुताना आधी थोडं खोबरेल चोळा, नुसत्या साबणाने ही राळ निघत नाही.

निळी पुडी कुठे आहे? पाचव्या रांगेपर्यंत मी पाहिली होती.